पाण्यावरचा एका रेणूचा थर फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली कसा पाहायचा: बडोद्यातल्या नवख्यांसाठी

डीपीपीसी या लिपिडच्या (चरबीच्या जातीच्या रेणूच्या) थरातली काळी बेटं मला पहिल्यांदा दिसली ती प्रयोग हातात घेतल्यापासून सातव्या आठवड्यात. आधीचे सहा आठवडे मी सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू फिरवत बसले होते. सूक्ष्मदर्शकाला काहीच झालेलं नव्हतं. खराब होतं ते पाणी. तुम्ही एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला लँगम्यूर ट्रफवर, म्हणजे असा थर ज्यात करतात त्या उथळ पाण्याच्या भांड्यावर, बसणार असाल, तर ते सहा आठवडे तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

१. काय बघणार आहोत ते आधी समजून घ्या

लिपिडच्या रेणूला पाणी आवडणारं डोकं असतं आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या. असे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर सोडले की डोकं पाण्यात आणि शेपट्या हवेत, असे ते उभे राहतात. थराची जाडी जेमतेम २ ते ३ नॅनोमीटर. दोन्ही बाजूंनी बॅरियर, म्हणजे सरकत्या पट्ट्या, आत सरकवून जागा कमी करत गेलं की रेणू जवळ येतात. विरळ वायूसारखी अवस्था, मग सैल द्रवासारखी, मग घट्ट रचलेली, अशा अवस्थांतून थर जातो. पृष्ठदाब (थरामुळे पाण्याचा पृष्ठताण जेवढा घटतो तो) आणि प्रत्येक रेणूच्या वाट्याचं क्षेत्रफळ यांचा आलेख म्हणजे आयसोथर्म. दोन अवस्था एकत्र नांदत असतात तिथे आयसोथर्म जवळजवळ आडवा होतो. पण त्या आडव्या भागात पाण्यावर नेमकं काय चाललंय, हे आलेख सांगत नाही. ते डोळ्यांनी पाहावं लागतं.

इतका पातळ थर साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. म्हणून लिपिडमध्ये अर्धा ते एक टक्का चमकणारं लिपिड, म्हणजे डाय, मिसळायचं. डायचा रेणू बोजड असतो. सैल थरात तो सुखाने राहतो, घट्ट थरात त्याला जागा मिळत नाही. त्यामुळे सैल भाग उजळ दिसतो आणि घट्ट बेटं काळी. १९८१ साली फॉन चार्नर आणि मॅकॉनेल यांनी ही पद्धत वापरली, १९८३ मध्ये लोशे, साकमान आणि मोवाल्ड यांनी. पुस्तकांत या चमकण्याला प्रतिदीप्ती म्हणतात. आपल्याकडे ट्रफवर बसणारे सगळे फ्लुओरेसन्सच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

सुरुवात डीपीपीसीपासूनच करा. फुप्फुसातल्या सर्फॅक्टंटचा, म्हणजे पृष्ठताण कमी करणाऱ्या पदार्थाचा, तो मुख्य घटक. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना श्वास घेता येत नाही याचं कारण सर्फॅक्टंटची कमतरता आहे, हे १९५९ मध्ये एव्हरी आणि मीड यांनी दाखवलं. शिवाय डीपीपीसीवर इतकं काम झालेलं आहे की तुमचं चित्र बरोबर आहे का, हे लगेच ताडून बघता येतं.

२. सामान आणि कागद

ट्रफ टेफ्लॉनचा, उथळ, ३ ते ५ मिलिमीटर खोल. दोन बॅरियर. पृष्ठदाब मोजायला विल्हेल्मी प्लेट, फिल्टर पेपरची किंवा प्लॅटिनमची. वरून पाहणारा एपिफ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक आणि लांब वर्किंग डिस्टन्सचं २० पट ऑब्जेक्टिव्ह. साधं ऑब्जेक्टिव्ह पाण्यात बुडेल. डायला जुळणारा फिल्टर क्यूब, संवेदनशील कॅमेरा, कंपन शोषणारं टेबल, तापमान राखणारा पाण्याचा सर्क्युलेटर. काचेची मायक्रोसिरिंज. टेफ्लॉनच्या अस्तराचं झाकण असलेल्या काचेच्या कुप्या. शोषून घ्यायला व्हॅक्यूमची नळी आणि तिला काचेचं टोक. ट्रफ झाकायला पेटी.

लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून वापरतात. त्या क्लोरोफॉर्मसाठी प्लास्टिकची टिप, प्लास्टिकची ट्यूब, पॅराफिल्म यातलं काहीही नको. क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधला प्लास्टिसायझर ओढून घेतो आणि तो थेट तुमच्या थरात येऊन बसतो.

तुमच्याकडे यंत्र नसेल तर केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर कोणत्या संस्थेत काय आहे ते शोधता येतं. दुसऱ्या संस्थेत जाताना मार्गदर्शकांचं पत्र, ओळखपत्र, रसायनांची सुरक्षापत्रकं, नमुन्याची अर्ध्या पानाची माहिती आणि वेळ आरक्षित केल्याचा कागद, हे सगळं जवळ ठेवा. क्लोरोफॉर्म घेऊन फाटकातून आत जायचं असेल तर आधी विचारून घ्या. एकदा मला फाटकावरून परत यावं लागलं आणि तो दिवस गेला.

३. पाणी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण दहा अपयशांपैकी आठ इथेच होतात.

मीटरवर १८.२ मेगाओम-सेंटीमीटर दिसलं की नवखा निर्धास्त होतो. तो आकडा फक्त आयनांबद्दल बोलतो. पाण्यात विरघळलेलं तेलकट, सेंद्रिय काही असेल तर त्याची मीटरला खबरही नसते. आणि पृष्ठभागाची वाट लावतं ते नेमकं तेच. यंत्रावर टीओसीचा (एकूण सेंद्रिय कार्बनचा) आकडा असेल तर तोही वहीत लिहा.

माझे सहा आठवडे गेले ते असे. शुद्ध पाण्याचं यंत्र दुसऱ्या मजल्यावर, ट्रफ तळमजल्यावर. मी संध्याकाळी प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरून ठेवायची आणि सकाळी वापरायची. कोऱ्या पाण्यावर बॅरियर आणले की दाब दोन-तीन मिलिन्यूटन प्रति मीटर वर जायचा. मी ट्रफ घासत राहिले, प्लेट बदलत राहिले. एका सीनियरने कॅनकडे बोट दाखवलं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून पाणी त्याच सकाळी, काचेच्या फ्लास्कमध्ये. यंत्राची नळी उघडल्यावर पहिलं लिटरभर पाणी सोडून द्या. आणि त्या यंत्राला बोअरचं पाणी जोडलं असेल तर आपल्याकडचे क्षार कार्ट्रिज लवकर संपवतात. बदलल्याची तारीख यंत्रावर चिकटवलेली असते, ती बघत जा.

पृष्ठभाग किती नाजूक असतो हे हाताला कळावं म्हणून घरी एक प्रयोग करून बघा. देवघरातला कापूर घ्या. स्टीलची थाळी साबण लावून नीट धुवा, मग भरपूर पाण्याने खळाळून घ्या म्हणजे साबणाचा अंशही उरणार नाही. तिच्यात पाणी घालून कापराचा बारीक कण टाका. कण गरागरा फिरतो. आता केसांवरून फिरवलेलं बोट पाण्याला टेकवा. कापूर जागच्या जागी थांबतो. १८९० मध्ये इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी असंच कापूर थांबवायला किती तेल लागतं ते मोजून तेलाच्या थराची जाडी काढली होती. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या आग्नेस पॉकेल्स यांचं पत्र त्यांनी ‘नेचर’मध्ये छापवून आणलं. पॉकेल्सबाईंनी घरच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या ताटलीसारखा ट्रफ आणि सरकती पट्टी करून मोजमापं केली होती. लँगम्यूरांचा ट्रफ त्यानंतर खूप वर्षांनी आला. कोणतंही विद्यापीठ पाठीशी नसताना त्यांनी पृष्ठभाग स्वच्छ राखला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कापूर घरच्या थाळीत. ट्रफच्या खोलीत कापराची डबीसुद्धा नेऊ नका.

४. ट्रफ आणि हात

ट्रफला आधी क्लोरोफॉर्मने ओला केलेला धागे न सुटणारा टिश्यू, मग इथेनॉल, मग पाण्याच्या तीन-चार धुण्या. डेल्रिन या प्लास्टिकच्या बॅरियरना क्लोरोफॉर्म लावू नका, इथेनॉल पुरे. क्लोरोफॉर्मचं काम फ्यूम हूडमध्ये किंवा चांगली हवा खेळती असताना. नायट्राइलच्या हातमोज्यातून क्लोरोफॉर्म लवकर आत येतो, तेव्हा हातमोजा ओला झाला की लगेच बदला.

केसाला तेल, हाताला क्रीम, दुपारी खाल्लेल्या सेव-उसळीची तर्री, यातलं काहीही बोटांवर असेल तर ट्रफच्या कडेला हात लावू नका. स्वच्छ टेफ्लॉनवर पाणी काठापेक्षा किंचित उंच, फुगलेलं उभं राहतं. ती फुगीर कड एका सरळ रेषेत दिसायला हवी. कुठे पाणी काठ ओलांडून ओघळलं असेल तर तिथे टेफ्लॉन मळलेला आहे, पुन्हा धुवा.

खंडेनवमीला आपल्याकडे यंत्रांची पूजा होते. एका वर्षी पूजेत ट्रफच्या टेबलावर उदबत्ती आणि तुपाचं निरांजन लागलं, हळदीकुंकू थेट झाकणावर वाहिलं गेलं. पुढचे तीन दिवस कोरं पाणी परीक्षेत पास होईना. पुढच्या वर्षी आम्ही लॅबमधल्या काकांना नीट समजावून सांगितलं. तेव्हापासून ट्रफ पेटीत बंद करून वरून चादर घालतो. फुलं चादरीवर आणि दिवा बाहेर, कॉरिडॉरमध्ये. काका स्वतःच विचारतात, “ताई, पाणी धरलंय का आज? मग उदबत्ती खालीच लावतो.”

५. कोऱ्या पाण्याची परीक्षा

लिपिड सोडण्याआधी रोज, न चुकता.

फिल्टर पेपरची प्लेट पाण्यात पूर्ण भिजू द्या. प्लॅटिनमची असेल तर ज्योतीत लाल होईपर्यंत तापवून गार करा. बॅरियर उघडे ठेवून दाब शून्य करा आणि बॅरियर आतपर्यंत आणा. दाब ०.१ ते ०.२ मिलिन्यूटन प्रति मीटरपेक्षा वर गेला तर पृष्ठभागावर घाण आहे. व्हॅक्यूमच्या टोकाने पाण्याला वरच्या वर टेकवत दोन बॅरियरमधला पृष्ठभाग शोषून घ्या, बॅरियर उघडा, पाणी पुन्हा भरा, पुन्हा दाबून बघा. दोन-तीन वेळा केलं की बहुतेक वेळा जमतं. नाही जमलं तर पाणी ओतून पहिल्यापासून.

या परीक्षेच्या वेळी सूक्ष्मदर्शकातूनही बघा. डाय नाही, मग पडदा काळाच हवा. चमकणारे ठिपके वाहत जाताना दिसले तर तो टिश्यूचा धागा किंवा धूळ. हे ठिपके पुढे डोमेन, म्हणजे थरातली बेटं, समजून फोटो काढलेले मी पाहिले आहेत.

६. हिशेब आणि थेंब

डीपीपीसीचा रेणुभार ७३४. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम या द्रावणाच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ८.२ गुणिले १० चा १४ वा घात इतके रेणू असतात. ट्रफचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे १० चा १८ वा घात चौरस अँगस्ट्रॉम. प्रत्येक रेणूला सुरुवातीला १०० चौरस अँगस्ट्रॉम द्यायचे तर साधारण १२ मायक्रोलिटर. हा हिशेब वहीत हाताने करा. स्प्रेडशीटमध्ये एक शून्य चुकलं तर दिवसभर कळत नाही.

लिपिडच्या द्रावणाची कुपी उणे २० अंशांवर असते. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. नाहीतर हवेतली वाफ आत द्रावणावर जमते. आपल्याकडच्या जुलैत हे हमखास होतं. कुपी उघडी राहिली तर क्लोरोफॉर्म उडून द्रावण घट्ट होतं आणि आयसोथर्म सगळा उजवीकडे सरकतो. तसा सरकलेला दिसला की आधी कुपीवर संशय घ्या.

आता थेंब. सिरिंजच्या टोकाला थेंब लटकू द्या आणि हात इतका खाली आणा की थेंब पाण्याला फक्त टेकेल. टेकताक्षणी तो नाहीसा होतो, जणू पाण्याने त्याला ओढून घेतलं. उंचावरून टाकलात तर क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा जड असल्याने थेंब मण्यासारखा तळाशी जाऊन बसतो. त्यातलं लिपिड गेलं, आणि हिशेबही गेला. जागा बदलत, सावकाश, सगळे थेंब ठेवा. मग १५ मिनिटं हात न लावता थांबा.

७. तापमान, आणि बडोद्याचा उन्हाळा

हा मुद्दा परदेशातल्या पद्धती वाचून कळत नाही. डीपीपीसीचा आडवा टप्पा २० अंशांना साधारण ४-५ मिलिन्यूटन प्रति मीटरला येतो, २५ ला जवळजवळ दुप्पट दाबाला, आणि तापमान चाळिशीच्या वर गेलं की येतच नाही. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना दुपारी वीज गेली आणि खोली तापली, की सकाळचं आणि दुपारचं माप एकमेकांशी बोलत नाही. सर्क्युलेटरवरचा आकडा म्हणजे ट्रफमधल्या पाण्याचं तापमान नव्हे. पाण्यात बारीक सेन्सर ठेवून मोजा. शक्य असेल तर उन्हाळ्यात सकाळी सातला या, अकराला आवरा.

पंखा बंद. एसीचा झोत ट्रफवर नको. पावसाळ्यात थंड ट्रफच्या बाहेरून पाणी ठिबकतं, ते टेबलावरून वायरपर्यंत जाणार नाही असं बघा. उलट ३७ अंशांवर काम करताना ऑब्जेक्टिव्हच्या भिंगावर वाफ जमते आणि चित्र दुधाळ होतं. ऑब्जेक्टिव्हलाही थोडी ऊब द्यावी लागते.

नवरात्रात रात्री काम ठेवू नका. जवळच्या मैदानातल्या गरब्याचा ढोल जमिनीतून टेबलापर्यंत येतो आणि पाण्यावर बारीक लाटा उठतात. मी स्वतः गरब्याला जाते, त्या नऊ रात्री ट्रफलाही सुट्टी असते.

८. सूक्ष्मदर्शक लावणं

एनबीडीचा डाय असेल तर निळा प्रकाश टाकून हिरवा गोळा करायचा, साधारण ४६५ आणि ५३५ नॅनोमीटर. टेक्सस रेडला ५९५ च्या आसपास प्रकाश द्यायचा आणि ६१५ च्या आसपास लाल बघायचा. क्यूब चुकीचा असेल तर काहीच दिसणार नाही आणि तुम्ही पाण्याला दोष देत बसाल.

फोकस शोधायला सोपी युक्ती: दाब शून्य असतानाच बघा. तेव्हा वायूचे काळे फुगे आणि मध्ये उजळ भिंती, असा फेसासारखा देखावा असतो, त्यावर फोकस पटकन बसतो. पाणी सतत उडत असतं, त्यामुळे पृष्ठभाग खाली सरकतो आणि काही मिनिटांत फोकस सुटतो. झाकण ठेवा आणि एक हात फाइन स्क्रूवर.

शटर गरजेपुरतंच उघडा. सतत प्रकाश टाकला तर डाय विझतो आणि प्रकाशाने झालेले बदल तुम्ही लिपिडच्या नावावर लिहाल. जागा बदलून बघा: नव्या जागी चित्र वेगळं दिसलं तर जुन्या जागेवरचं चित्र तुमच्या दिव्याने केलेलं आहे.

थर वाहतो. उथळ ट्रफ आणि झाकण यांनी वाहणं कमी होतं. तरी थांबलं नाही तर भिंगाखाली छोटी टेफ्लॉनची कडी ठेवतात, तिला थर आतबाहेर जायला फट असते.

९. दाबत जा, पाहत जा

बॅरियर हळू चालवा. मिनिटाला प्रत्येक रेणूमागे २ ते ५ चौरस अँगस्ट्रॉम इतका वेग पुरे. घाई केली तर डोमेन झाडाच्या फांद्यांसारखी फुटतात, त्यांचा खरा आकार दिसत नाही.

आधी फेस विरतो आणि सगळा पडदा एकसारखा उजळ होतो. दाब चढू लागतो. मग, टप्पा सुरू होतो त्याच क्षणी, उजळ पार्श्वभूमीवर टाचणीच्या टोकाएवढे काळे बिंदू उमटतात. दोन-तीन मिनिटांत ते वाढतात आणि त्यांना आकार येतो: वालाच्या दाण्यासारखा, एका बाजूला खाच असलेला. नीट बघितलं तर सगळ्या दाण्यांचा वळसा एकाच दिशेचा असतो. डीपीपीसीचा रेणू उजव्या-डाव्या हातासारखा असतो, एकाच हाताचे रेणू असतील तर वळसा एकाच बाजूला. आरशातल्या जोडीदाराचा थर केला तर दाणे उलटे वळतात. डोळ्याला न दिसणाऱ्या रेणूची घडण इथे डोळ्याला दिसते. त्या दिवशी मी आमच्या सरांना हाका मारून बोलावलं होतं आणि ते अर्धा तास उठले नाहीत.

काळा रंग दोन वेगवेगळ्या गोष्टींचा असू शकतो, हे विसरू नका. दाब शून्याजवळ असताना काळं म्हणजे वायू. टप्प्यावर काळं म्हणजे घट्ट डोमेन. प्रत्येक फोटोशेजारी दाब लिहिलेला नसेल तर फोटोचा उपयोग नाही.

डाय हीसुद्धा भेसळच आहे. एक टक्क्यावर काम झालं की अर्ध्या टक्क्यावर तेच करून बघा. टप्पा सरकला किंवा आकार बदलला तर तो डायचा परिणाम. डाय न घालता ब्रूस्टर कोनाच्या सूक्ष्मदर्शकाने तपासता आलं तर उत्तमच. पहिलं काम जमल्यावर थोडं कोलेस्टेरॉल घालून बघा. दाणे लांबट, बारीक होतात आणि गोल फिरणाऱ्या जिलबीसारखे दिसू लागतात.

१०. नोंदी

फोटोची मूळ फाइल तशीच ठेवा, उजळपणा वाढवायचा तो प्रतीवर. मोजपट्टी स्टेज मायक्रोमीटरने काढा, ऑब्जेक्टिव्हवरच्या आकड्यावरून नको. काळ्या भागाचं प्रमाण मोजायला इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. वहीत तारीख, पाण्याचं तापमान, कोऱ्या पाण्याचा दाब, किती मायक्रोलिटर, कुपी कधी उघडली. माझ्या वहीत खोलीत कोण होतं तेही असतं. एकदा पाणी खराब करणाऱ्या अत्तराचा उलगडा त्यावरून झाला.

११. आवरताना

थर व्हॅक्यूमने शोषून घ्या, मग पाणी. क्लोरोफॉर्म लागलेले टिश्यू वेगळ्या डब्यात, उरलेला क्लोरोफॉर्म हॅलोजनवाल्या सॉल्व्हंटच्या बाटलीत, सिंकमध्ये कधीच नाही. सिरिंज क्लोरोफॉर्मने दहा वेळा भरून रिकामी करा, नाहीतर उद्याच्या थरात आजचा डाय येईल. टेक्सस रेडनंतर एनबीडी वापरणार असाल तर वीस वेळा. ट्रफ धुवून, वाळवून पेटीखाली ठेवा. उद्या सकाळी येणाऱ्यासाठी काचेचा फ्लास्क धुवून पालथा घालून ठेवा.